एका इंग्रजी थिएटरच्या बोर्डावर: वंशविविधतेचं काम नेमकं कुठे अडतं

इथे यूकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना हल्ली गावातल्या थिएटरकडून किंवा म्युझियमकडून 'आमच्या बोर्डावर या ना' असे ईमेल येतायत आणि मग मला फोन येतो, अगं तू केलंयस ना हे, जाऊ का, किती वेळ जातो, नुसतं शोभेला बसवतात का. दर वेळी तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. आमचं थिएटर मिडलँड्समधलं, मध्यम आकाराचं, स्वतःची नाटकं बसवणारं. नाव लिहीत नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी माझ्या एकटीच्या नाहीत. मी वकील नाही, नोकरी फायनान्समध्ये, नाटकाशी संबंध म्हणजे कॉलेजात पुरुषोत्तमला बॅकस्टेज केलेलं तेवढाच. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं, स्कॉटलंडमध्ये चॅरिटीचे नियम वेगळे आहेत.

सुरुवात २०२० ची. मार्चमध्ये कोविडमुळे सगळी थिएटरं बंद झाली, मेमध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला आणि जूनमध्ये इथल्या बहुतेक थिएटरांनी सोशल मीडियावर काळा चौकोन टाकून 'आम्ही ऐकतोय, आम्ही शिकतोय' छापाची निवेदनं काढली. आमच्या थिएटरनेही काढलं, तेव्हा मी फक्त प्रेक्षक होते. पुढे त्या निवेदनाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही कारण इमारतीला कुलूप होतं आणि निम्मा स्टाफ फर्लोवर, म्हणजे सरकारी मदतीच्या पगारावर घरी. २०२१ च्या ऑक्टोबरात ट्रस्टी (म्हणजे बोर्डाचे सदस्य) हवेत अशी जाहिरात आली, त्यात फायनान्सची माहिती असलेलं कुणीतरी हवं असं लिहिलेलं, म्हणून अर्ज केला. दोन रेफरन्स, झूमवर मुलाखत, एका मीटिंगला नुसतं बसून बघायचं, मग बोर्डाचं मतदान. जानेवारी २०२२ ला नाव लागलं.

कागदपत्रांचं सांगते कारण लोक इथेच घाबरतात. बहुतेक थिएटरं ही चॅरिटीही असतात आणि कंपनीही, त्यामुळे ट्रस्टी झालात की त्या कंपनीचे डायरेक्टरही होता. म्हणजे एक पात्रतेचं डिक्लरेशन (दिवाळखोरी नाही, काही ठरावीक गुन्हे नाहीत वगैरे), एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, 'फिट अँड प्रॉपर' डिक्लरेशन आणि कंपनीज हाउसमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी रजिस्टरमध्ये, नोंद. कंपनीज हाउसची नोंद जगात कुणालाही फुकट दिसते, म्हणून तिथे सर्व्हिस अ‍ॅड्रेस थिएटरचाच द्या, घरचा देऊ नका. जन्मतारखेतला फक्त महिना आणि वर्ष दिसतं. १८ नोव्हेंबर २०२५ पासून डायरेक्टरांना आयडेंटिटी व्हेरिफिकेशनही करावं लागतं, पासपोर्ट हाताशी असला की ऑनलाइन होऊन जातं. पगार नाही, पण रास्त खर्च मागता येतो, ट्रेनचं तिकीट तर आहेच पण मीटिंगच्या संध्याकाळी मुलांना सांभाळायला कुणाला ठेवलं तर तेही. आणि मागाच. आपण सगळे 'जाऊ दे, कुठे वीस पाऊंड मागायचे' म्हणत राहिलो की नंतर येणाऱ्या कमी पगाराच्या माणसाला मागायची लाज वाटते आणि मग बोर्डावर उरतात फक्त निवृत्त आणि खात्यापित्या घरचे लोक.

पहिल्या मीटिंगचे मिनिट्स आले तर त्यात एक ओळ, 'बोर्डाची विविधता वाढली आहे'. ती विविधता म्हणजे मी. आता बघा, इथल्या फॉर्मवर मी 'एशियन ऑर एशियन ब्रिटिश, इंडियन'. पण आमच्या शहरातले जे लोक थिएटरच्या पायऱ्या चढत नाहीत ते म्हणजे कॅरिबियन घरांतली दुसरी तिसरी पिढी, सोमाली, पाकिस्तानी, बांगलादेशी. मी वर्क व्हिसावर आलेली, पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि माझ्या आडनावामुळे भारतात माझं कधी कुठे काही अडलेलं नाही. अशी बाई या सगळ्यांची प्रतिनिधी कशी काय? आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवर कृष्णवर्णीयांबद्दल जे 'विनोद' येतात ते इंग्रजीत करून बोर्डापुढे ठेवले तर मला परत बोलावतील का हाही प्रश्नच. प्रतिनिधित्वाचा मुद्दा मी पुढच्या मीटिंगला मांडला. तो मात्र मिनिट्समध्ये आला नाही.

मग मी जुनं वाचायला घेतलं. जून २००१ मध्ये नॉटिंगहॅम प्लेहाउसमध्ये एक्लिप्स नावाची परिषद झाली होती, थिएटरमधल्या वंशवादावर, आणि २००२ मध्ये तिचा रिपोर्ट आला. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या पोलीस तपासावरचा मॅकफर्सन रिपोर्ट १९९९ चा, त्यात संस्थांमध्ये मुरलेल्या वंशवादाची जी व्याख्या आहे तीच यांनी थिएटरला लावून बघितली. बोर्डावर कोण बसतं, भरती कशी होते, प्रेक्षक कुठून येतात, सगळं आहे त्यात. वाचताना मला आमचाच अजेंडा वाचतेय असं वाटत होतं, वीस वर्षांनंतर. आमच्या बोर्डातल्या एका सद्गृहस्थांचं म्हणणं असं की हे सगळं नवीन फॅड आहे, या भागात तशी परंपराच नाही. तर आमच्याजवळच्याच कॉव्हेंट्रीत १८२८ मध्ये आयरा ऑल्ड्रिज हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय नट थिएटरचा मॅनेजर होता, आणि १८३३ मध्ये त्याने लंडनच्या कोव्हेंट गार्डनला ऑथेल्लो केला. आणि आपल्याकडच्या लोकांचं म्हणाल तर साउथॉलमध्ये १९७६ ला गुरदीपसिंग चग्गर या तरुण मुलाचा खून झाला, त्यानंतर जतिंदर वर्मांनी सोबत्यांना घेऊन तारा आर्ट्स काढली. मी हे एका पानावर लिहून बोर्डाच्या कागदांना जोडलं. फॅडवाले गृहस्थ त्यावर काही बोलले नाहीत, पण तो शब्द परत आला नाही.

आता आकडे. आमच्याकडे स्टाफचा डेटा जवळपास नव्हताच, म्हणजे आर्ट्स कौन्सिलच्या (कलासंस्थांना सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेच्या) वार्षिक सर्व्हेला काहीतरी भरून जायचं, आणि निम्म्यांपुढे 'माहिती नाही'. वंशाची माहिती कायद्याने स्पेशल कॅटेगरी डेटा (जास्त जपायची खाजगी माहिती) आहे, ती का घेताय, कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे आधी लिहून द्यावं लागतं. आम्ही मे २०२२ मध्ये फॉर्म पाठवला, फार थोडे परत आले. लोकांशी बोलल्यावर कळलं की अडचण विश्वासाची आहे. टेक्निकल विभागात पाच सहा माणसं, त्यात एकच कृष्णवर्णीय, मग विभागवार तक्ता छापला की झालं, तो उघडा पडणार. म्हणून असं ठरवलं की पाचपेक्षा लहान आकडा कुठेच छापायचा नाही, विभाग एकत्र करून दाखवायचे, फॉर्म मॅनेजरकडे न जाता थेट एचआरकडे जाणार, आणि 'सांगायचं नाही' हा पर्याय वर ठेवायचा. सप्टेंबरात परत पाठवला तेव्हा बरेच आले.

तुलना कशाशी करायची हा पुढचा वाद. तेव्हा हाताशी २०११ ची जनगणना होती, म्हणून मी म्हटलं थांबा, नवीन येऊ द्या. २९ नोव्हेंबर २०२२ ला २०२१ च्या जनगणनेचे वांशिक आकडे आले, इंग्लंड आणि वेल्स मिळून गोरे ८१.७ टक्के (२०११ ला ८६ होते), एशियन ९.३, ब्लॅक ४. पण देशाच्या सरासरीला धरून बसू नका. नोमिस नावाची सरकारी साइट आहे, फुकट, तिथे आपल्या शहराचे, अगदी वॉर्डाचे आकडे मिळतात. आमच्या थिएटरपासून बसने अर्ध्या तासात पोचतील अशा वॉर्डांचे काढले तर देशाच्या सरासरीशी काही संबंधच नव्हता आणि तो नकाशा बघून मीटिंगमध्ये पहिल्यांदा कुणी 'फॅड'च्या दिशेने गेलं नाही.

मग नेहमीप्रमाणे 'वर्किंग ग्रुप काढू या'. ग्रुप काढला की त्यात ब्राऊन आणि ब्लॅक ज्युनिअर स्टाफला बसवायचं, त्यांनी आपल्या कामाचा वेळ सोडून फुकट सल्ले द्यायचे आणि बोर्डाने 'नोंद घेतली' म्हणायचं. माझा याला सक्त विरोध होता. मी म्हटलं हा विषय फायनान्स अँड रिस्क कमिटीकडे द्या. लोक हसले. पण त्या कमिटीकडे बजेट असतं, ती दर तिमाहीला बसते, आणि तिथे प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख लिहावी लागते. एप्रिल २०२३ ला एकदाचं मान्य झालं. टर्म्स ऑफ रेफरन्स, म्हणजे कमिटीच्या कामाची लेखी कक्षा, बदलायलाच तीन महिने गेले होते, कारण आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या घटनेत) काय बसतं ते सॉलिसिटरला विचारायचं, त्याचं उत्तर आलं की पुढच्या मीटिंगची वाट बघायची. धीर धरा, दुसरा उपाय नाही. स्टाफने वेळ दिला तर तो कामाचा वेळ धरायचा आणि फ्रीलान्सर असेल तर फी द्यायची हेही त्यातच घालून घेतलं.

पहिला पैशाचा प्रश्न आला तो ट्रेनिंगचा. अनकॉन्शस बायसच्या (नकळत मनात असलेल्या पूर्वग्रहांच्या) एका दिवसाच्या वर्कशॉपचं कोटेशन होतं ९०० पाऊंड आणि वर व्हॅट. सगळ्यांना तेच हवं होतं, कारण ते एका दिवसात होतं आणि मग कमिटीपुढच्या वंशविविधतेच्या प्लॅनमध्ये टिक करता येते. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने स्वतःच्या सिव्हिल सर्व्हिसमधून ते ट्रेनिंग काढायचं ठरवलं, त्याने माणसांचं वागणं बदलतं याचा पुरावा सापडत नाही म्हणून, हे मी दाखवलं. बरीच खडाजंगी झाली, पण ते पैसे शेवटी मुलाखतीला येणाऱ्यांच्या प्रवासखर्चाकडे वळवले. अजूनही मला वाटतं की अख्ख्या प्लॅनमधली हीच सगळ्यात चांगली अदलाबदल.

भरतीच्या जाहिराती २०२३ च्या उन्हाळ्यात एकेक करून तपासल्या. असिस्टंट स्टेज मॅनेजरला डिग्री कशाला? मार्केटिंगच्या पोरीला ड्रायव्हिंग लायसन्स कशाला? 'प्रोड्यूसिंग थिएटरमधला दोन वर्षांचा अनुभव' म्हणजे ज्यांना तो मिळू शकला तेच परत येणार. पगाराचा आकडा न लिहिता 'अनुभवानुसार' लिहायची सवय होती, ती बंद केली. इथे कायद्याचं नीट समजून घ्या कारण आपल्याकडच्या आरक्षणाची सवय डोक्यात असते आणि इथे तसं नाही. इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० प्रमाणे राखीव जागा ठेवता येत नाहीत, तो भेदभावच ठरतो. पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन चालते. कलम १५८ खाली तुम्ही ठरावीक समाजांपर्यंत जाहिरात पोचवू शकता, अर्ज कसा लिहायचा याचं सत्र घेऊ शकता, मेंटर देऊ शकता. कलम १५९ खाली दोन उमेदवार खरोखरच तोडीस तोड असतील तर कमी प्रतिनिधित्व असलेल्याला निवडू शकता, पण ते प्रत्येक वेळी त्या दोघांपुरतं बघून, सरसकट धोरण म्हणून नाही. चेशायर पोलिसांनी मुलाखतीत पास झालेल्या सगळ्यांनाच 'तोडीस तोड' धरलं आणि २०१९ मध्ये ट्रिब्युनलमध्ये एका गोऱ्या उमेदवाराविरुद्धची केस हरले. आमच्या एचआरला कलम १५९ ची इतकी धास्ती की आम्ही १५८ वरच राहिलो, आणि खरं सांगायचं तर आमच्या आकाराच्या संस्थेला तेवढंच पुरतं. सरकारचं पॉझिटिव्ह अ‍ॅक्शनवरचं मार्गदर्शन एप्रिल २०२३ मध्ये आलंय, वकिलाला फोन करण्याआधी ते वाचा, पैसे वाचतील.

आता जे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी एका टेक रिहर्सलला (लाइट, आवाज वगैरे बसवायच्या तालमीला) जाऊन बसले. ट्रस्टीने असं बसायची पद्धत नाही, मी परवानगी काढली. मुख्य भूमिकेत एक कृष्णवर्णीय अभिनेत्री. लाइटचा फोकस आधीच झाला होता, स्टेजवर उभं राहायला घेतलेला माणूस गोरा, त्यामुळे ती मागच्या निळ्या प्रकाशात गेली की चेहरा गायब आणि शेजारच्या नटाचं नाक चकाकतंय. रेडिओ माइक कपाळाच्या वर केसांच्या कडेला लावतात, तो आणि त्याची टेप दोन्ही फिक्या गुलाबी रंगाचे, बॉल्कनीतूनसुद्धा बँडेज लावल्यासारखं दिसत होतं. तिच्या बारीक वेण्या होत्या, विग विभागातल्या बाई अतिशय चांगल्या पण त्यांना या केसांचं काम कधी शिकवलेलंच नाही, म्हणून तिने तिच्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी बर्मिंगहॅमला जाऊन स्वतःच्या पैशाने वेण्या घालून घेतल्या होत्या. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी 'छान दिसतायत' म्हटलं म्हणून बोलता बोलता सांगितलं. बजेट उघडून पाहिलं तर 'हेअर अँड विग्ज'मध्ये दुसऱ्या एका पात्राच्या सोनेरी विगला भरपूर पैसे होते. पोस्टरवर मात्र तिचाच चेहरा.

यावर उपाय करायला फार काही लागलं नाही हेच चीड आणणारं आहे. माइक आणि टेप गडद रंगांत मिळतात, कुणी मागवले नव्हते इतकंच. आता प्रत्येक नाटकाच्या बजेटमध्ये केसांची वेगळी ओळ असते, कॉन्ट्रॅक्टच्या वेळीच कलाकाराला विचारतात की केस कोण करणार, बाहेर जाऊन करावे लागले तर बिल आणि तो वेळ दोन्ही थिएटरचे. लाइट फोकसला वेगवेगळ्या वर्णाची दोन माणसं उभी करतात. तुम्ही कुठल्याही थिएटरच्या बोर्डावर गेलात तर पहिल्याच महिन्यात हे एवढं विचारून बघा, त्या उत्तरावरून बाकीचं कळतं.

फ्रंट ऑफ हाउसचं, म्हणजे प्रेक्षकांना सांभाळणाऱ्या स्टाफचं, थोडक्यात. तिकीट तपासणाऱ्या झीरो अवर्सवरच्या (ठरावीक तासांची हमी नसलेल्या नोकरीतल्या) एका मुलीला प्रेक्षकाने नको ते ऐकवलं आणि तिला ड्युटी मॅनेजर म्हणाला की शो सुरू आहे, मध्यंतरात बघू. मध्यंतरात काही बघितलं नाही. आता लेखी नियम आहे, त्याच क्षणी ड्युटी मॅनेजरने येऊन बोलायचं, गरज पडली तर प्रेक्षकाला बाहेर काढायचं आणि त्या मुलीच्या शिफ्टचे पैसे पूर्ण. ख्रिसमसच्या पँटोमध्ये (घरच्यांसकट बघायच्या विनोदी संगीत नाटकात) जुन्या चीनमधलं एक कथानक दर काही वर्षांनी येतं, त्यातल्या वाकड्या उच्चारांच्या विनोदांवरूनही बराच गदारोळ झाला, कारण पँटोवर थिएटरचं वर्षाचं गणित उभं असतं. ते कथानक सध्या तरी यादीतून बाहेर आहे.

आणि आता आपल्या लोकांचं. आमच्याच थिएटरमध्ये वर्षातून एखाद्या रविवारी मराठी नाटक होतं, महाराष्ट्रातून मंडळी दौऱ्यावर येतात, हॉल गच्च. तसंच गुजराती, पंजाबी. पण हे सगळं थिएटरच्या लेखी 'हायर', म्हणजे भाड्याने दिलेला हॉल. ब्रोशरमध्ये नाव नाही, वेबसाइटवर नाही, तिकिटं मंडळवाले स्वतः विकतात म्हणून सिस्टिममध्ये फक्त भाडं भरणाऱ्याचं नाव. म्हणजे हॉल भरून ब्राऊन माणसं येऊन गेली तरी थिएटरच्या डेटात ती आलीच नाहीत, आणि सोमवारी मीटिंगमध्ये 'साउथ एशियन प्रेक्षक कसा आणायचा' यावर चर्चा! वर भाडं पूर्ण व्यावसायिक दराचं, बार बंद, कॅफे बंद, कारण 'हायरला तशी गरज नसते'. हे बदलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण भाड्याचं उत्पन्न कमी होणार होतं. शेवटी असं ठरलं की स्थानिक समाजसंस्थांसाठी वेगळा दर, बॉक्स ऑफिसमधून तिकीटविक्री, ब्रोशरमध्ये नाव आणि बार चालू. पहिल्याच वर्षी बारच्या कमाईने दरातली बरीच तूट भरून काढली, मी फायनान्सवाली असल्यामुळे हा हिशोब मात्र अगदी चवीने मांडला.

मार्च २०२५ मध्ये अख्खा प्लॅन बोर्डाने मंजूर केला. आर्ट्स कौन्सिलच्या २०२० ते २०३० च्या 'लेट्स क्रिएट' या धोरणामध्ये 'इन्क्लुसिव्हिटी अँड रेलेव्हन्स' हे एक तत्त्व आहे, त्याखाली तो जातो. प्रत्येक ओळीपुढे नाव, तारीख, रक्कम. टेक्निकलमध्ये अजून फार काही हललेलं नाही, सीनिअर मॅनेजमेंटमध्ये एक नेमणूक झाली, बोर्डावर आता मी एकटी नाही. तुम्हाला बोलावणं आलं तर हो म्हणायच्या आधी मागच्या वर्षभराचे मिनिट्स मागा, या कामाला बजेटमध्ये ओळ आहे का विचारा, आणि तुमच्याबरोबर अजून कोण येतंय तेही. महिन्याला साधारण एक दिवस जातो, मीटिंगच्या महिन्यात जास्त. मुलांना यात आणायचं असेल तर कंपनी असलेल्या चॅरिटीत १६ व्या वर्षीपासून ट्रस्टी होता येतं.

आणि हो, या शरदातल्या ब्रोशरमध्ये मराठी नाटक पहिल्यांदा छापून आलं, 'वर्ल्ड म्युझिक' या सदरात. वेबसाइटवर दुरुस्त करून घेतलंय, छापील प्रती मात्र गावभर वाटून झाल्या आहेत, त्यामुळे कुणी तबला ऐकायला आलंच तर मंडळाने चहा तरी द्यावा.